मुंबईहून दापोलीला एसटीने : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दापोलीला रेल्वे नाही. कृषी विद्यापीठात प्रवेश मिळालेली मुलं, बँकेत नाहीतर शाळेत बदली होऊन येणारी माणसं, सगळ्यांना ही गोष्ट बहुधा ऑर्डर हातात पडल्यावरच कळते. मलाही तशीच कळली. मी लातूरकडची. मुंबईपर्यंत कसं जायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक, पुढचं कुणालाच नाही. शेवटी वडील म्हणाले, "मुंबईत उतर आणि एसटी स्टँडवर विचार." सल्ला बरोबर होता. फक्त नेमकं काय विचारायचं ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

विचारायचं ते असं : "मार्गे कुठून?"

गाडी दापोलीला जाते का, एवढ्यावर थांबू नका. एसटीच्या पाटीवर मोठ्या अक्षरात गावाचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात 'मार्गे' असतं. नवखा माणूस मोठी अक्षरं वाचतो, रोजचा माणूस बारीक.

रस्ता एकदा डोक्यात बसवा

मुंबई ते दापोली अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. पनवेल सोडलं की पळस्पे फाट्यावरून गाडी मुंबई-गोवा महामार्गाला लागते. कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव, इथवर सगळ्यांची वाट एकच. माणगावच्या पुढे लोणेरे येतं (तंत्रशास्त्र विद्यापीठाचं लोणेरे ते हेच) आणि तिथे वाटा फुटतात.

एक वाट उजवीकडे वळते : गोरेगाव, आंबेत, मग पुलावरून सावित्री ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड आणि दापोली. दुसरी महामार्ग धरून सरळ जाते : महाड, पोलादपूर, कशेडी, भरणे नाका, खेड, आणि तिथून २८ किलोमीटरवर दापोली. पाटीवर 'मार्गे मंडणगड' किंवा 'मार्गे खेड' असं जे लिहिलेलं असतं, ते हे.

फरक काय पडतो? तुम्हाला थेट दापोलीच्या स्टँडवर उतरायचं असेल तर फारसा नाही. पण मंडणगड तालुक्यातल्या शाळेवर हजर व्हायचं असेल आणि तुम्ही खेडवाल्या गाडीत बसलात, तर दापोलीपर्यंत जाऊन उलटं मागे यावं लागतं. कुणी घ्यायला येणार असेल तर त्यालाही मार्ग सांगून ठेवावा, नाहीतर तो खेड नाक्यावर उभा आणि तुम्ही मंडणगडच्या स्टँडवर. शिवाय पावसाळ्यात दरड आली किंवा कुठल्या पुलाचं काम निघालं की गाड्या एका वाटेवरून दुसरीवर वळवतात. म्हणून पाटी वाचली असली तरी चढताना एकदा तोंडाने विचारायचंच.

पोटाचा प्रश्न वेगळा. मंडणगडची वाट अरुंद, वळणावळणाची आणि देखणी. खेडची वाट महामार्गाची. कशेडीला आता बोगदा झाल्यामुळे घाटातली जुनी वळणं बरीच चुकतात, पण खेड ते दापोली हा शेवटचा चढ वळणांचाच आहे. दापोली समुद्रापासून जवळ असली तरी आहे डोंगरावर. इंग्रजांनी इथे लष्कराची छावणी वसवली ती हवा बघूनच, आणि म्हणून जुनी माणसं अजून गावाला 'कॅम्प' म्हणतात.

एकाच नावाची दोन गावं

हा भाग नीट वाचा, कारण इथे भलेभले फसतात.

'मार्गे गोरेगाव' ऐकून मुंबईचा माणूस म्हणतो, अरे, मग मी पश्चिम रेल्वेने गोरेगावलाच जाऊन तिथून चढतो. हे गोरेगाव रायगडमधलं. इंदापूरही रायगडमधलं, पुणे जिल्ह्यातलं नव्हे. खेड रत्नागिरी जिल्ह्यातलं. पुण्याजवळचं खेड म्हणजे राजगुरुनगर, त्याचा इथे काही संबंध नाही. दापोलीला लागून एक जळगाव आहे, स्टँडवर कुणी "जळगावला जातो" म्हणालं तर तो खानदेशात निघालेला नसतो.

सगळ्यात घोळ मुरूडचा. दापोलीजवळचं मुरूड म्हणजे महर्षी कर्व्यांचं मुरूड, हर्णैच्या शेजारचं. रायगडमधलं मुरूड म्हणजे जंजिऱ्याचं. आणि माझ्या लातूर जिल्ह्यात तिसरं मुरूड आहे, ते वेगळंच. आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला भेटायला यायचं म्हणून मोबाइलवर 'मुरूड' शोधलं, जंजिऱ्याच्या मुरूडला जाऊन उतरले आणि तिथून फोन केला, "अगं, किल्ला दिसतोय, तुझी शाळा कुठल्या बाजूला?" किल्ला दिसत होता, पण समुद्रातला जंजिरा. आमच्या हर्णैला दिसतो तो सुवर्णदुर्ग.

दापोली आणि दापोडी हीसुद्धा एक जोडी. फोनवर नाव सांगताना 'ली' ठासून म्हणा. दापोडी पुण्याजवळ आहे आणि तिथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे बांधलेल्या कितीतरी गाड्यांचा क्रमांक एमएच १४ ने सुरू होतो. चिकलठाण्याला बांधलेल्या गाड्यांचा एमएच २०, नागपूरजवळ हिंगण्याच्या गाड्यांचा एमएच ४०. तेव्हा क्रमांकावरून 'ही गाडी पुण्याची दिसते' असा तर्क करून उतरू नका. गाडी कुठल्या आगाराची ते बाहेरून बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. दापोली आगाराची गाडी मिळाली तर उत्तम, कारण चालक-वाहक घरी निघालेले असतात आणि वाटेतला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा असतो.

कुठून चढायचं

कोकणच्या गाड्या मुंबई सेंट्रल, परळ, कुर्ला नेहरूनगर, बोरिवली आणि ठाणे इथून सुटतात. दापोलीच्या पुढे हर्णै, केळशी, दाभोळ अशा गावांना जाणाऱ्या काही गाड्याही दापोलीवरून जातात, तेव्हा वेळापत्रक बघताना नुसत्या दापोलीवर अडून बसू नका. मुंबई सेंट्रलचं आगार रेल्वे स्टेशनासमोरच आहे, मराठा मंदिर चित्रपटगृहाच्या अगदी जवळ. महामंडळाचं मुख्यालय, वाहतूक भवन, तेही त्याच परिसरात.

वाटेत चेंबूरचा मैत्री पार्क, वाशी, नेरूळ, कळंबोली, पनवेल इथे गाडी थांबते आणि नवी मुंबईत राहणारे तिथूनच चढतात. आरक्षण असेल तर खुशाल चढा. नसेल तर माझं ऐका : गाडी जिथून सुटते तिथे जाऊन बसा. उलटं जावं लागलं, लोकलचे वीस रुपये आणि एक तास गेला तरी चालेल. पनवेलला गाडी येईपर्यंत शनिवारी बसायला जागा उरत नाही, आणि मग माणगावपर्यंत दांड्याला धरून उभं राहायचं. तरुण मुलांना हे साहस वाटतं, पहिल्या वेळेपुरतं.

दुसरी गोष्ट, हमरस्त्यावरचा थांबा निवडला तर गाडी नेमकी कुठे उभी राहते ते आधी बघून या. उड्डाणपुलाखाली की वर, बाजूच्या रस्त्याला की मुख्य, यात गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते. रात्री तर हमखास.

तिकीट आणि आरक्षण

एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. एक टप्पा सहा किलोमीटरचा. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हापासून साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये धरा. सव्वादोनशे किलोमीटर म्हणजे अडतीसेक टप्पे, म्हणजे चारशे रुपयांच्या आत-बाहेर. आकडा पुढे बदलेल, हिशेबाची रीत तीच राहील.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं, ७५ च्या पुढे प्रवास मोफत. पण वयाचा पुरावा मूळ स्वरूपात बरोबर हवा. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं अर्धं तिकीट, त्याहून लहानांचं नाही. वाहकाकडे तिकीट मागताना एका दमात सांगायचं : "दापोली, एक फुल, एक महिला, एक हाफ." पुरुषाने आधी पैसे पुढे करून मग मशीनमधून तिकीट निघाल्यावर "बायकोचं निम्मं ना?" असं विचारलं की मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो आणि वाहकाच्या कपाळावर आठ्या येतात.

आरक्षण महामंडळाच्या संकेतस्थळावर, ॲपवर किंवा स्थानकातल्या आरक्षण खिडकीवर होतं, साठ दिवस आधीपर्यंत. दोन सावधगिरी. एक, वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने छापलेली असते. दोन, मध्यरात्रीनंतरच्या गाडीची तारीख. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी ००.१५ ची, म्हणजे रात्री सव्वाबाराची, तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. शुक्रवारची तारीख टाकलीत तर ती गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असते. आमच्या शाळेतल्या एका सरांनी हे केलं आणि रिकाम्या फलाटावर वाहकाशिवाय भांडायलाही कुणी नव्हतं, वाहकही नव्हता.

कुठल्या प्रकारची गाडी घ्यावी? या मार्गावर मुख्य भरवसा लाल साध्या गाडीवर, लालपरीवर. निमआराम गाडी मिळाली तर बरी. तिला वयस्क मंडळी अजून 'एशियाड' म्हणतात, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांतल्या गाड्यांवरून. वातानुकूलित गाडीचा मोह कोकणात मी तरी धरत नाही. खिडकी उघडता येणं ही घाटात मोठी सोय असते. खासगी ट्रॅव्हल्स आहेत, त्यांच्या खुर्च्या मऊ असतात. पण सणाच्या दिवसांत त्यांचं भाडं कुठवर चढेल सांगता येत नाही, आणि ते कुठे उतरवतील ते तिकीट काढतानाच पक्कं करून घ्यावं लागतं.

गाडी अजिबात मिळत नसेल तर एक आडवाट : कोकण रेल्वेने खेड. कोकणकन्या, मांडवी खेडला थांबतात, वंदे भारतही थांबते. स्टेशन गावाबाहेर आहे, रिक्षाने खेडच्या एसटी स्टँडवर या आणि दापोलीची गाडी धरा. सामान कमी असेल तर ही वाट उत्तम आहे. दोन ट्रंका आणि गादीची वळकटी घेऊन वसतिगृहात निघालेल्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये.

स्टँडवर

अर्धा तास आधी पोहोचा. चौकशी खिडकीवर जाऊन विचारा, "दापोली लागली का?" इथे 'लागली' म्हणजे फलाटावर येऊन उभी राहिली. हाच शब्द गाडीत बसल्यावर वेगळा अर्थ धारण करतो : "मला गाडी लागते" म्हणजे मळमळतं, उलटी होते. दोन्ही वाक्यं तुम्हाला याच क्रमाने लागण्याची शक्यता आहे.

आरक्षणाच्या तिकिटावर गाडीचा क्रमांक शोधत बसू नका, कुठली गाडी येणार ते त्या दिवशी ठरतं. वेळ आणि मार्ग धरून चला. खिडकीवरचे कर्मचारी एका वाक्यात उत्तर देतात, "सहा नंबर, अजून यायचीय," आणि लगेच पुढच्या माणसाकडे बघतात. त्यांना राग आलेला नसतो. दिवसभरात तो प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल याचा विचार करा आणि दुसऱ्यांदा विचारायला संकोचू नका.

पहिल्याच वेळी मी एक चूक केली. फलाटावर गाडी आली, पाटीवर दापोली आणि मुंबई दोन्ही नावं. मी धावत चढले, खिडकीची जागा पकडली, पिशव्या रचल्या, डबा मांडीवर घेतला. दहा मिनिटांनी झाडू मारणारे काका आले. "ताई, ही दापोलीहून आली. आता आगारात जाणार, धुवायला. तुम्हाला जायचंय का?" तेव्हापासून मी पाटीवर कोणतं नाव आधी आहे ते बघते, आणि चढण्याआधी गाडीतून माणसं उतरताहेत का तेही.

गाडी लागली की दारात झुंबड उडेल. काही जण खिडकीतून रुमाल, टोपी, वर्तमानपत्र, प्रसंगी लहान मूल आत टाकून जागा धरतील. ही रीत कायद्यात कुठे नाही, पण पाळली जाते. मात्र रुमालापेक्षा आरक्षण मोठं. तुमच्या क्रमांकाच्या जागेवर कुणाचा रुमाल असेल तर तिकीट दाखवून शांतपणे सांगा, ऐकलं नाही तर वाहक येऊ द्या; त्याच्याकडे आरक्षणाचा तक्ता असतो. आरक्षण नसेल तर बसण्याआधी खिडकीवर किंवा पाठीवर रंगवलेली अक्षरं वाचा : महिला, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, आमदार. लालपरीत आमदार बसलेला मी अजून पाहिलेला नाही, पण त्यांची जागा आहे.

जागा निवडायची संधी मिळाली तर पुढच्या दारापासून तिसरी-चौथी ओळ धरा. चाकावरची जागा टाळा, गुडघे पोटाशी येतात. शेवटची ओळ तर टाळाच. महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललंय आणि त्या कामाचा प्रत्येक खड्डा शेवटच्या ओळीत मोजून मिळतो.

गाडीत बसल्यावर

मोठी बॅग मागच्या डिकीत टाकायची असेल तर वाहकाला सांगून टाका आणि उतरताना पुन्हा आठवण करा. कागदपत्रांची पिशवी मात्र पायाशी, डोक्यावरच्या फळीवर नाही. प्रवेशाची, नोकरीची मूळ कागदपत्रं असतील तर प्लास्टिकच्या पिशवीत, जून ते सप्टेंबर तर नक्कीच. खिडकीची काच नीट लागत नसली तर कोकणातला पाऊस गाडीत तिकीट न काढता प्रवास करतो.

वाहकाला हाक कशी मारायची हा नवख्यांचा नेहमीचा पेच. 'मास्तर' म्हटलेलं चालतं, 'दादा' चालतं, बाई असतील तर 'ताई' किंवा 'मॅडम'. 'ओ कंडक्टर' ऐकू येत नाही. तिकिटाच्या मशीनवर आता मोबाइलने पैसे देता येतात, पण घाटात रेंज जाते, म्हणून शंभराच्या चार-पाच नोटा आणि थोडे सुट्टे जवळ असू द्यावेत. सुट्टे परत द्यायचे राहिले तर वाहक तिकिटामागे आकडा लिहून देतो. उतरण्याच्या दोन थांबे आधी ते आठवणीने मागून घ्या.

तिकीट शेवटपर्यंत जपा. वाटेत तपासणीस चढतात, हे एक. आणि गाडी बंद पडली तर त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवून देतात, हे दुसरं आणि कोकणात जास्त उपयोगाचं.

पहिल्याच वेळी वाहकाच्या कानावर घालून ठेवा : "मी नवीन आहे, विद्यापीठापाशी उतरायचंय," नाहीतर "अमुक फाट्यावर सोडा." मग तो आणि शेजारचे चार प्रवासी मिळून तुम्हाला उतरवतात. उतरायची वेळ झाली की गाडी थांबायच्या आधी दाराशी जाऊन उभे राहा. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डबल बेल वाजल्यावर "अहो, थांबा, थांबा" करणाऱ्याकडे अख्खी गाडी वळून बघते.

थांब्यांबद्दल. पेणला रामवाडीचं स्थानक, मग माणगाव, महाड अशा स्थानकांत गाडी शिरते, कुठे पाच मिनिटं, कुठे नुसती नोंद करून बाहेर. जेवणाचा थांबा एखाद्या हॉटेलवर असतो. वाहक ओरडतो, "गाडी पंधरा मिनिटं थांबेल!" ही पंधरा मिनिटं त्याच्या चहाची असतात. बायकांसाठी सांगते : उतरल्याबरोबर आधी स्वच्छतागृह, मग चहा. उलटं केलंत तर रांगेत असताना इंजिन सुरू झाल्याचा आवाज येतो आणि जीव टांगणीला लागतो. शेजारणीला सांगून जा, ती गाडी सोडू देत नाही. हॉटेलच्या अंगणात एकसारख्या पाच लाल गाड्या उभ्या असतात, म्हणून उतरताना आपल्या गाडीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. स्थानकांवर महामंडळाचं 'नाथजल' बाटलीबंद पाणी मिळतं. पण गाडी लागणाऱ्यांनी पाण्याचेही घोटच घ्यावेत.

गाडी लागत असेल तर रिकाम्या पोटी निघू नका आणि भरल्या पोटीही निघू नका. भाकरी-चटणी, कोरडी पोळी, पोहे एवढंच. खिशात आवळासुपारी किंवा आलेपाक. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर. हाताशी एक जाड पिशवी असू द्या. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका, समोरून येणारी गाडी हातभर अंतरावरून जाते. मंडणगडच्या वाटेने असाल तर आंबेतपर्यंत बहुधा काही होत नाही, खरी परीक्षा त्यानंतर. आंबेत हे बॅरिस्टर अंतुल्यांचं गाव, आणि पलीकडे मंडणगड तालुक्यात डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे. डोळे मिटायचे नसतील तर बघायला पुष्कळ आहे.

दिवसाची की रात्रीची

पहिल्यांदा दिवसाचीच. सकाळी लवकरची गाडी घेतली तर दुपारी उजेडात पोहोचता. सात-आठ तास धरा, वडखळ किंवा माणगावच्या कोंडीत अडकलात तर त्याहून जास्त. वाटेतली गावं डोळ्यांखालून गेली की पुढच्या वेळी रात्री झोपेतसुद्धा अंदाज येतो की आता कुठे आहोत.

रात्रीची गाडी पहाटे चार-पाचला दापोलीत सोडते. गाव सुरक्षित आहे, पण त्या वेळी रिक्षा मिळेलच असं नाही आणि पावसाळ्यात अंधार दाट असतो. स्टँडवरच उजाडेपर्यंत बसा. बाकड्यावर तुमच्यासारखे आणखी चार जण पहिल्या गावगाडीची वाट बघत असतात.

हजर होण्याची तारीख असेल तर आदल्या दिवशी पोहोचा, हे पावसाळ्यात तर डोळे झाकून करा. घाटात दरड येते, सावित्रीला पाणी चढतं, गाड्या थांबवतात. २२ जुलै २०२१ ला शेजारच्या चिपळूणला पूर आला तेव्हा एसटीचं आगारच पाण्यात गेलं आणि आगारप्रमुख आगाराची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन् तास बसून राहिले. अशा दिवसांत आगारात फोन करून किंवा महामंडळाच्या १८०० २२१ २५० या क्रमांकावर विचारूनच घराबाहेर पडा.

दापोलीत उतरल्यावर

स्टँड गावाच्या मधोमध आहे. बाहेर पडलात की बाजार, थोडं पुढे केळसकर नाका. कृषी विद्यापीठ जवळ आहे. सामान नसेल तर चालत, असेल तर रिक्षाने. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा.

खेड्यात जायचं असेल तर खरा प्रवास इथून पुढे. हर्णै, आंजर्ले, केळशी, दाभोळ, बुरोंडी या बाजूंना दापोली आगाराच्या गावगाड्या जातात. त्यांचं वेळापत्रक स्टँडवरच्या फळ्यावर लिहिलेलं असतं, त्याचाही फोटो काढा. फळ्यावर नसलेली माहिती चहावाल्याकडे मिळते. 'वस्तीची गाडी' हा शब्द लक्षात ठेवा : संध्याकाळी गावात जाऊन तिथेच मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी. ती चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत गावात गाडी नाही, मग वडापची खासगी जीप किंवा रिक्षाचं पूर्ण भाडं. मुंबईची गाडी उशिरा पोहोचणार असं दिसलं तर वाटेतूनच वाहकाला सांगा, "वस्तीची गाडी धरायचीय." कधीकधी तो स्टँडवर फोन करतो आणि गाडी दहा मिनिटं थांबते. नेहमी नाही, पण माझ्यासाठी दोनदा थांबली आहे.

गणपती, शिमगा आणि परतीची गाडी

गणपतीत मुंबईहून कोकणात पाच हजारांच्या घरात जादा गाड्या सुटतात, तरी जागा पुरत नाही. वाड्या-वस्त्यांची मंडळं अख्खी गाडीच आरक्षित करतात. शिमग्याला आणि मे महिन्यात तेच. या दिवसांत पहिला प्रवास करायची वेळ आलीच तर आरक्षण उघडल्याच्या दिवशी तिकीट काढा. त्या दिवसांत गाडीवर 'जादा' असं लिहिलेलं असतं आणि चालक-वाहक दुसऱ्या विभागातून आलेले असू शकतात. माझ्याच जिल्ह्यातले भेटले की मला आनंद होतो, पण रस्ता त्यांना मलाच सांगावा लागतो.

परतीचं तिकीट दापोलीत उतरल्याच दिवशी स्टँडच्या खिडकीवर काढून टाका, खास करून रविवार दुपारचं. आणि खिडकीवर "मुंबई" एवढंच म्हणू नका. बोरिवलीची गाडी आणि मुंबई सेंट्रलची गाडी वेगळी. पुढे लातूर, नांदेड, नागपूरची रेल्वे धरायची असेल तर आधी स्टेशन सांगा, पनवेलला उतरणं सोयीचं की ठाण्याला, ते खिडकीवरचा माणूस सांगतो. मधे किमान तीन तास मोकळे ठेवा. मी चार ठेवते आणि उरलेल्या वेळात पनवेलला वडापाव खाते.